येतं सगळं, पण पेपरात उतरत नाही: एका विद्यार्थ्याचं प्रकरण

हे प्रकरण नववीतल्या एका मुलाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. शाळेची समुपदेशक म्हणून मी त्यात होते. मार्क कमी पडले की घरी आणि शाळेत दोन्हीकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं: अभ्यास वाढवा. मार्क नेमके कुठे गळतात हे न पाहता दिलेलं हे उत्तर या मुलाला जवळजवळ सहा महिने महागात पडलं. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

आठवीपर्यंत हा मुलगा गणितात वर्गातल्या पहिल्या काही जणांत होता. फळ्यावर बोलावलं की बिनधास्त जायचा, शेजारच्याला उदाहरण समजावून द्यायचा. घरी आई, वडील आणि मोठी ताई. ताई नात्यागोत्यात हुशार म्हणून ओळखली जायची. आई-वडिलांनी दोघांची तुलना कधी बोलून दाखवली नव्हती, पण घरी येणारं प्रत्येक माणूस "हा पण ताईसारखाच निघणार" असं कौतुकानं म्हणायचं. असं कौतुक मुलाच्या कानाला कधीकधी देण्यासारखं लागतं, आपल्याला फेडायचं आहे असं वाटायला लागतं.

आठवीच्या शेवटच्या चाचणीत तो पहिल्याच उदाहरणात अडकला. समीकरण सोडवताना चलाची किंमत अपूर्णांकात आली. उत्तर एवढं वेडंवाकडं येणार नाही, असं वाटून त्यानं ते खोडलं, पुन्हा सोडवलं, पुन्हा तेच आलं, पुन्हा खोडलं. उत्तर मुळात बरोबर होतं. त्या गोंधळात बराच वेळ गेला आणि पुढचे सोपे प्रश्न राहून गेले. त्या वर्गात उत्तरपत्रिका वाटताना मार्क मोठ्यानं वाचायची पद्धत होती. याचे मार्क वाचल्यावर सर म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." सर काळजीनंच बोलले होते. मुलानं मात्र ते वाक्य घरी नेलं आणि कुणालाच सांगितलं नाही.

अडचण

नववीच्या पहिल्या चाचण्यांमध्ये गणिताचे मार्क काठावर आले. विज्ञानातही जिथे आकडेमोड होती तिथेच घसरण झाली. भाषा आणि इतिहासाचे मार्क जवळपास होते तसेच राहिले. गृहपाठाच्या वह्या नीट, वर्गातली उत्तरं बरोबर. घरच्यांनी काढलेला निष्कर्ष साधा होता: लक्ष नाही, मोबाइल जास्त झालाय. मोबाइल काढून घेतला आणि शिकवणी लावली. मार्क वाढले नाहीत, म्हणून दुसरी शिकवणी लावली. अभ्यासाचे तास वाढले तेवढी झोप कमी झाली आणि मार्क आणखी खाली गेले.

मग पोट दुखायला लागलं. चाचणीच्या दिवशी सकाळी कळ यायची, आई घरी ठेवायची आणि दुपारपर्यंत बरं वाटायचं. वर्गशिक्षिकेनं एकदा हजेरीपट आणि चाचण्यांचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा गैरहजेरीचे दिवस गणिताच्या चाचण्यांशी जुळले. त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं.

तो फारसं बोलणारा नव्हता, पण एक गोष्ट त्यानं फार नेमकी सांगितली. "मॅडम, घरी सगळं येतं. पेपर हातात आला की पहिलं उदाहरण दोनदा वाचतो, तरी नुसती अक्षरं दिसतात. मग डोक्यात येतं, झालं, परत तेच. ते एकदा सुरू झालं की पुढचा वेळ कुठे जातो कळतच नाही."

झोप, भूक, घरातलं वातावरण, मित्र, सगळं विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही त्याला थेट विचारलं. तसं काही नव्हतं. हा प्रश्न विचारला तर मुलाच्या मनात नसलेला विचार येईल या भीतीनं मोठी माणसं तो टाळतात. विचारल्यानं धोका वाढत नाही, मुलाला बोलायला वाट मिळते. मार्क एकाएकी घसरलेल्या प्रत्येक मुलाला हा प्रश्न कुणीतरी शांतपणे विचारायलाच हवा.

उत्तरपत्रिका काय सांगत होत्या

इथे गणिताच्या सरांचं काम मोलाचं ठरलं. त्यांनी वर्षभरातल्या उत्तरपत्रिका आणि गृहपाठाच्या वह्या एकत्र मांडल्या आणि आम्ही दोघांनी मार्क न बघता फक्त चुका बघितल्या. पहिलं पान प्रत्येक वेळी खाडाखोडीनं भरलेलं होतं. ऋण चिन्ह खालच्या ओळीत उतरलेलं नव्हतं, प्रश्नातला आकडा उत्तरात चुकीचा लिहिला होता. संकल्पना कळलेली नाही असं दाखवणारी चूक क्वचितच होती. मागच्या पानांवर, म्हणजे पेपर अर्ध्यावर आल्यानंतर, जास्त मार्कांची कठीण उदाहरणं स्वच्छ सोडवलेली होती. सुरुवातीची सोपी उदाहरणं मात्र कोरी होती. ज्याचा पाया कच्चा असतो त्याची उत्तरपत्रिका अशी नसते. त्याची सोपी बरोबर येतात आणि कठीण चुकतात.

खात्री करायला सरांनी आकडे बदलून तशीच एक प्रश्नपत्रिका काढली. तीच जुनी पुन्हा दिली असती तर ओळखीमुळे सोपी गेली असती. माझ्या खोलीत, घड्याळ न लावता, मार्क मोजले जाणार नाहीत असं सांगून त्यानं ती सोडवली. जवळजवळ सगळं बरोबर आलं.

असं का होतं, याला चांगला आधार आहे. मनातल्या मनात हिशोब करताना आपण आकडे, चिन्हं, हातचे तात्पुरते जिथे धरून ठेवतो त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. ती फार थोडं मावणाऱ्या छोट्या टेबलासारखी असते. "परत तेच होणार" हा विचार त्यावर येऊन बसला की उदाहरणाला जागा उरत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. हातचा असलेल्या बेरजा करताना त्याच वेळी काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगितली, तेव्हा गणिताची भीती जास्त असलेल्यांच्या चुका विशेष वाढल्या. आमच्या मुलाची गळालेली ऋण चिन्हं याच जातीची होती.

समोरचे पर्याय

आई-वडिलांना पहिला पर्याय अजूनही शिकवणीचाच वाटत होता. वडील म्हणाले, "मॅडम, थोडी भीती असल्याशिवाय मुलं अभ्यासाला बसत नाहीत." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात, फरक ओळखायचं काम सोपं होतं तेव्हा विजेचा झटका जोरदार असला तर उंदीर लवकर शिकले. काम कठीण केलं तेव्हा मात्र जोरदार झटक्यानं शिकणं मंदावलं, मध्यम झटकाच उपयोगी पडला. मी वडिलांना एवढंच म्हटलं की पाढे म्हणायला धाक चालतो, बैजिक उदाहरण सोडवायला तोच धाक नडतो, आणि तुमच्या मुलाकडे धाक आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. ते लगेच पटले नाहीत. उत्तरपत्रिकांची पहिली आणि शेवटची पानं शेजारी ठेवून दाखवल्यावर मात्र बराच वेळ बघत राहिले आणि दुसरी शिकवणी बंद करायला तयार झाले.

दुसरा पर्याय आईनं मांडला: काही दिवस चाचण्या देऊच नये, मन शांत झालं की द्याव्यात. ऐकायला हा मायेचा उपाय वाटतो, पण मला तोच सर्वांत धोक्याचा वाटला. चाचणी चुकवली की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं. ते सुटल्यासारखं वाटणंच पुढच्या वेळी पळायला शिकवतं. शिवाय चाचणी दिली असती तर काय झालं असतं हे कळायची संधीच जाते आणि भीती तपासली न जाता तशीच राहते.

तिसरा पर्याय वेगळ्या खोलीत, जादा वेळ देऊन परीक्षा घेण्याचा. सरांना तो इतर मुलांवर अन्याय वाटत होता. माझी अडचण निराळी होती. ज्याला लिहायला वाचायलाच वेळ लागतो, त्याच्यासाठी जादा वेळ हा हक्क आहे. पण याची गती कमी नव्हती, भीतीनं वेळ खाल्ला जात होता. जादा वेळात भीतीही जादा वेळ बसून राहिली असती. म्हणून जादा वेळ नको, वेगळी खोली सुरुवातीला चालेल, असं ठरलं.

श्वासाचे आणि शिथिलीकरणाचे व्यायाम हा चौथा पर्याय होता. तो वापरला, पण त्यावर भिस्त ठेवली नाही. परीक्षेच्या भीतीत दोन वेगळ्या गोष्टी असतात हे लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं: एक शरीराची खळबळ, म्हणजे धडधड, घाम, पोटातली कळ, आणि दुसरी मनातली चिंता, म्हणजे आपटणार, सगळे काय म्हणतील हा विचार. नंतरच्या अभ्यासांत मार्कांशी जास्त ठळक संबंध दुसरीचा दिसत आला आहे. श्वासानं धडधड कमी झाली तरी "परत तेच" थांबेलच असं नाही.

डॉक्टरांकडे पोटाची आणि डोळ्यांची तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. वाचन-लेखनातल्या अडचणीची प्राथमिक चाचणीही घेतली, तीही ठीक आली.

काय केलं

आधी आईशी पोटदुखीबद्दल बोलले. "दुखतंय म्हणाला तर पाठवायचं कसं?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. दुखणं खोटं नाही, भीतीनंही पोट खरोखर दुखतं, हे मुलासमोरच सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच थोडा सैल झाला, कारण नाटक करतोस असं कुणीतरी म्हणेल याची त्याला धास्ती होती. मग ठरलं की ताप-उलटी नसेल तर चाचणीच्या दिवशी शाळेत यायचंच. वाटल्यास पहिला तास माझ्या खोलीत बसायचं, पण पेपर द्यायचा.

पुढे पायऱ्या केल्या. आधी माझ्या खोलीत, घड्याळाशिवाय, थोडीच उदाहरणं. मग तीच खोली, पण समोर घड्याळ. मग रिकामा वर्ग. मग वर्गातली मुलं बसलेली असताना. भीती शिगेला असताना पायरी अर्धवट सोडायची नाही आणि ती सहज जमेपर्यंत पुढची घ्यायची नाही, हा नियम होता. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये आपल्याला हे जमेल या विश्वासाचे स्रोत मांडले, त्यांत स्वतः करून मिळालेलं यश सर्वांत प्रभावी ठरवलं. "तुला येईल रे" असं सांगणं त्यापुढे फिकं पडतं. या मुलाला ते वाक्य घरीदारी सगळे सांगत होते आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

पेपर लिहायची पद्धत त्याच्याच चुकांवरून बेतली. पूर्ण पेपर वाचायचा आणि जे नक्की येतं त्यापासून सुरुवात करायची. अडकलं तर अर्धं पान कोरं सोडून पुढे जायचं. खोडायचं नाही, पटलं नाही तर एक आडवी रेघ मारून खाली नव्यानं लिहायचं. खोडण्यावरची ही बंदी त्याला सर्वांत कठीण गेली आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोगीही तीच ठरली, कारण घसरणीची सुरुवात दर वेळी तिथूनच व्हायची. "परत तेच" मनात आलं की त्यावर चांगला विचार चढवायचा नाही, फक्त स्वतःला विचारायचं, "पुढची ओळ काय?" आणि ती लिहायची.

अभ्यासही बदलला. तो सोडवलेली उदाहरणं पुन्हा पुन्हा वाचायचा आणि त्यामुळे सगळं येतं असं वाटायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला लक्षात राहील याची खात्रीही जास्त होती. हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मला येतंय असं वाटतं ते पण धरायचं नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. मग वही मिटून, प्रकरणं मिसळून सोडवायची सवय लावली. एकच प्रकरण सलग सोडवताना कुठली रीत वापरायची हे आधीच माहीत असतं. पेपरात तेच ओळखावं लागतं. झोपेची वेळ ठरवली आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण बंद केलं.

पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढणं, हाही उपाय करून पाहिला. रमिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये त्याचा चांगला परिणाम प्रसिद्ध केला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्प्रयोगात तो तसा आढळला नाही. याला लिहून आणखी अस्वस्थ वाटलं, म्हणून सोडून दिला. उपाय नावाजलेला आहे एवढ्यासाठी मुलावर लादू नये.

सरांनी स्वतःहून मार्क मोठ्यानं वाचणं थांबवलं. उत्तरपत्रिका उलटी ठेवून देऊ लागले.

मधेच घसरण

वर्गात बसून दिलेल्या दुसऱ्या चाचणीत पुन्हा अपूर्णांकातलं उत्तर आलं आणि तो गोठला. अर्ध्या वेळात उठून बाहेर जाऊ का विचारलं आणि गेला. सरांचं मत होतं की त्याची चाचणी गुपचूप पुन्हा घ्यावी. मला ते पटलं नाही. या चाचणीचं वजन कमी होतं, पुढची जवळ होती, आणि वाईट मार्क पडूनही काही कोसळत नाही हे त्याला अनुभवायला हवं होतं. सरांच्या म्हणण्यातही तथ्य होतं, कारण हे मार्क पाहून वडील पुन्हा शिकवणीकडे वळतील अशी त्यांना भीती होती. शेवटी मार्क तसेच ठेवले, वडिलांना त्याच दिवशी बोलावून कारण सांगितलं आणि मुलाला एक पायरी खाली, रिकाम्या वर्गात आणलं. अपूर्णांकात, करणीत, विचित्र दशांशात उत्तरं येणारी उदाहरणं सरांनी मुद्दाम निवडून दिली. उत्तर सुबक नसलं तरी बरोबर असू शकतं, हे हाताला कळेपर्यंत.

निष्पत्ती

वार्षिक परीक्षा त्यानं सगळ्यांबरोबर, त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच वेळात दिली. गणिताचे मार्क पहिल्या सहामाहीपेक्षा बरेच वर आले, पण वहीतल्या कामाएवढे नाहीत. आठवीतली जागा त्याला परत मिळाली नाही. पहिल्या उदाहरणाला तो अजून अडकला, पण पान कोरं सोडून पुढे गेला आणि शेवटी परत आला. पोटदुखी थांबली. विज्ञानातली सुधारणा त्यामानानं कमी राहिली.

यात कशाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. झोप, पायऱ्या, शिकवणीचं ओझं कमी होणं, वडिलांचा बदललेला सूर, सगळं एकाच काळात घडलं. एका मुलावरून अमुक उपायानं मार्क वाढतात असं कुणी म्हणू नये.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणीचा क्रम उलटा लागला. डोळे, झोप, वाचन-लेखनातली अडचण हे शिकवणीच्या आधी बघायला हवं होतं. याच्या बाबतीत काही निघालं नाही हा योगायोग. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाबतीत तिथेच उत्तर सापडलं असतं. हजेरीपट आणि चाचण्यांच्या तारखा वर्गशिक्षिकेनं एकदा जुळवून पाहिल्या म्हणून प्रकरण उजेडात आलं. ते दर सत्रात ठरवून व्हायला हवं. उत्तरपत्रिकेतल्या चुका कोणत्या पानावर आहेत, सोप्यात आहेत की कठीणात, हे पाहायला शिक्षकाला फार वेळ लागत नाही, आणि त्यातून मार्कांच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

विज्ञानाच्या शिक्षिकेला उशिरा सामील केलं गेलं. गणितात पायऱ्या चालू असताना विज्ञानाच्या चाचण्या जुन्याच पद्धतीनं होत राहिल्या.

ताईशी कुणी बोललंच नव्हतं. वर्ष संपताना ती भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, मी पण पेपरच्या आधी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. त्याला कधी सांगितलंच नाही." भावाच्या डोळ्यांसमोर न घाबरणारी ताई होती. घाबरूनही पेपर लिहिणारी ताई त्याला कितीतरी आधी भेटायला हवी होती. भीती आवरत काम करणारं माणूस मुलाला निर्भय माणसापेक्षा जास्त शिकवतं. अशा प्रकरणात आई-वडिलांइतकंच भावंडांशीही सुरुवातीलाच बोलावं.

वेगळ्या खोलीची सवलत ठरवताना ती कधी संपणार हे लिहून ठेवलं नव्हतं. ती लांबत गेली, त्यानं ती विज्ञानालाही मागितली आणि काढून घेताना शिक्षा केल्यासारखं झालं. आता अशी सवलत देताना संपण्याची तारीख, मधल्या पायऱ्या आणि मुलगा अडखळला तर एक पायरी मागे येण्याची तरतूद अर्जावरच लिहिली जाते. त्यावर पालकांच्या सहीबरोबर मुलाचीही सही घेतली जाते.